महामारीच्या काळातील एचआयव्हीबाधितांचे मनःस्वास्थ्य

एचआयव्हीची बाधा झालेल्यांना साथीच्या रोगाचे भय सर्वस्वी नवे नव्हते. १९८६ साली मद्रास येथे या विषाणूची बाधा भारतात प्रथम आढळली. त्यानंतरची कित्येक वर्षे बाधितांनी स्पर्श टाळणारे हात आणि शेजाऱ्यांची कुजबूज अनुभवली होती. २०२० साली कोविडमुळे सारा देशच एकमेकांपासून अंतर राखू लागला, तेव्हा त्यांपैकी अनेकांच्या जुन्या जखमा उघड्या पडल्या.

भारतात २००४ पासून सरकारी केंद्रांतून विषाणुरोधक औषधे मोफत मिळू लागली आणि हा विकार दीर्घकाळ काबूत ठेवणे शक्य झाले. मात्र औषध रोज घ्यावे लागते. त्यात वारंवार खंड पडल्यास विषाणू पुन्हा वाढतो व औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. खिन्न मनुष्य औषधाची टाळाटाळ करतो आणि औषध चुकले की त्याची धास्ती अधिकच वाढते.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून कित्येकांनी मुद्दाम दूरच्या केंद्रात नाव नोंदविलेले होते. हीच खबरदारी आता त्यांना नडली. वाटेत पोलिसाने हटकले तर केंद्राचा कागद दाखवावा लागे, आणि कागद दाखवला की गुपित फुटे. न्यायालयाच्या आदेशावाचून कोणालाही आपली बाधा उघड करण्यास भाग पाडता येत नाही, असे २०१७ चा कायदा सांगतो. पण भर रस्त्यात कायद्याचे कलम कोण उद्धृत करणार? शासनाने अनेक महिन्यांची औषधे एकदम देण्याची आणि जवळच्या केंद्रातून ती घेण्याची मुभा दिली. काही ठिकाणी कार्यकर्त्यांनी औषधे घरपोच केली. तरीही एका खोलीत सारे कुटुंब दिवसभर एकत्र असताना गोळ्यांची बाटली ठेवायची कोठे, हा प्रश्न उरलाच.

त्या सुमारास अनेकांच्या उपचारात इफाव्हिरेन्झ हे औषध होते. त्याने काहींना विचित्र स्वप्ने पडतात, झोप उडते, मन उदास होते. त्यामुळे झोप न लागल्याची तक्रार औषधाची की परिस्थितीची, हे ठरविणे अवघड जाई. पुढे त्याची जागा मुख्यतः डोल्युटेग्राव्हिरने घेतली. तेही प्रत्येकाच्या झोपेला मानवतेच असे नाही.

समुपदेशन दूरध्वनीवरून होऊ लागले, पण बोलण्यासाठी एकांत नव्हता. घरचे ऐकत असताना बाधित मनुष्य ‘हो’, ‘नाही’ एवढेच बोले आणि समुपदेशकाला उरलेले तर्काने जाणावे लागे. एरवी केंद्रातील रांग कंटाळवाणी खरी. परंतु कित्येकांना काहीही न लपवता बोलता येईल अशी ती एकच जागा होती. साठा एकदम मिळू लागल्याने खेपा वाचल्या, आणि त्या रांगेतील भेटीही थांबल्या.