वारंवारतेचे पट्टे आणि प्रवासी भ्रमणध्वनी

भारतात पाचव्या पिढीच्या दूरसंचार सेवेचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. त्यानंतर ५ ऑक्टोबरला जिओने ज्या चार शहरांत चाचणीसेवा सुरू केली, त्यांत दिल्ली, मुंबई व कोलकाता यांच्या पंक्तीला वाराणसी होते. आणि दुसऱ्याच दिवशी एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांतही नागपूरबरोबर वाराणसीचे नाव आले. प्राचीन नगरीला हा मान अगदी आरंभीच मिळाला. तथापि ज्यांच्या हाती आयफोन होते अशा नागरिकांना डिसेंबरपर्यंत वाट पाहावी लागली. त्यांच्या यंत्रांत नव्या सेवेला लागणारा वारंवारतेचा पट्टा होता. तो येथे वापरण्याची मुभा देणारी आज्ञावली मात्र १६.२ या आवृत्तीबरोबर आली. दुसऱ्या काही यंत्रांची गत याहून निराळी होती. एअरटेलची सेवा चौथ्या पिढीच्या जाळ्याचा आधार घेऊन चालत होती, तर जिओची स्वतंत्र पायावर उभी होती. त्यामुळे एकीशी जुळणारे यंत्र दुसरीशी जुळेलच, असे नव्हते.

घरच्या अंगणात जर असा प्रकार घडतो, तर समुद्र ओलांडल्यावर काय होईल? या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठी पट्टा म्हणजे काय ते प्रथम पाहिले पाहिजे.

मनोरा आणि भ्रमणध्वनी यांचे संभाषण रेडिओलहरींच्या द्वारे चालते. प्रत्येक देशाचे शासन या लहरींच्या विस्तारातून काही भाग दूरध्वनीसाठी राखून ठेवते. त्या भागालाच पट्टा म्हणतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, ९०० ची ३३, १८०० ची १७ आणि ३५०० ची केवळ साडेआठ सेंटिमीटर असते. लांब लहरी दूरवर जातात व भिंतीआड पोहोचतात. आखूड लहरींतून माहितीचा ओघ अधिक वाहतो, परंतु त्या अडथळ्यांपुढे लवकर नमतात. काशीतील पक्क्या महालांच्या दाट वस्तीत, जेथे दगडी घरांच्या मधून दोन माणसे जेमतेम चालू शकतात, तेथे हा भेद चटकन प्रत्ययास येतो: गंगेच्या घाटावर वेगाने चालणारा फोन गल्लीत शिरताच मंदावतो. २६ गिगाहर्ट्झचा जो अत्युच्च पट्टा भारतात याच सेवेसाठी दिला गेला, त्याची लहर तर सव्वा सेंटिमीटरहूनही आखूड आहे. (जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात १८९५ च्या सुमारास ज्या लहरींवर प्रयोग केले, त्या याच मापाच्या होत्या.)

आता अडचण अशी की, सर्व देशांनी एकच पट्टा निवडला नाही. युरोपने व पुढे भारताने दुसऱ्या पिढीसाठी ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ घेतले. अमेरिकेत ते भाग अन्य कामांत गुंतलेले असल्याने तेथे ८५० आणि १९०० आले. जपानने तर पद्धतीच निराळी स्वीकारली. जीएसएमचे जाळे तेथे कधी उभे राहिलेच नाही. म्हणून त्या काळी सारनाथला येणाऱ्या जपानी यात्रिकाचा देशी वापराचा फोन येथे मुका होई आणि आपला टोकियोत. पुढे चार पट्ट्यांची यंत्रे आली आणि अमेरिकेपुरता प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण चौथ्या पिढीबरोबर पट्ट्यांची संख्या इतकी वाढली की तो नव्याने उभा राहिला. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांत अमेरिकेतील ६०० व ७०० मेगाहर्ट्झचे पट्टे नसतात. मोठ्या शहरात अशा यंत्राचे काम भागते; खेड्यापाड्याकडे, जेथे या लांब लहरींवरच भिस्त असते, तेथे ते निरुपयोगी ठरते.

दोन सिमकार्डांची सोय असली म्हणजे ही काळजी मिटली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. सिमकार्ड हे केवळ प्रवेशपत्र आहे. लहर पकडण्याचे काम यंत्राचे असते. बहुतेक द्विसिम यंत्रांत प्रेषक-ग्राहक एकच असून तो दोन्ही कार्डांच्या वतीने आळीपाळीने कान देतो. एकावर संभाषण चालू असता दुसरे संपर्काबाहेर जाते. जुन्या काही यंत्रांत दुसऱ्या खाचेला केवळ दुसरी पिढीच कळते. असे यंत्र सिंगापूरला नेल्यास, तेथे दुसऱ्या पिढीचे जाळे एप्रिल २०१७ मध्ये बंद झालेले असल्याने, ती खाच असून नसल्यासारखी होते. नागपूर-पुण्याहून मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण बँकेचा सांकेतिक अंक घरच्या क्रमांकावर येतो. तो क्रमांक दुसऱ्या खाचेत टाकून पहिल्या खाचेत परदेशी कार्ड घातले, तर संभाषण सुखाने चालते आणि स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नाही. अशा यंत्रात घरचे कार्ड पहिल्या खाचेत ठेवावे व त्यावरील परदेशातील माहितीसेवा तेवढी बंद करावी.

उलट दिशेची अडचणही आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासून सिमकार्डाची खाचच काढून टाकण्यात आली. असा प्रवासी गोदौलियाच्या दुकानात कार्ड विकत घेऊन करणार काय? त्याला यंत्रात उतरवून घ्यावयाचे ई-सिमच हवे.

पट्टा जुळला तरी आवाज जुळेलच, असे नाही. अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांनी २०२२ मध्ये तिसरी पिढी बंद केल्यावर बोलणेही चौथ्या पिढीवरून होऊ लागले, आणि एटी अँड टी ही कंपनी आपल्या मान्य यादीतील यंत्रांनाच तशी अनुमती देते. ऑस्ट्रेलियाचा नियम आणखी कडक आहे. तेथे उरलेली तिसरी पिढी २८ ऑक्टोबर २०२४ पासून बंद होऊ लागली, तेव्हा चौथ्या पिढीवरून ०००, म्हणजे तेथील आपत्कालीन क्रमांक, लावू न शकणाऱ्या यंत्रांना सेवा नाकारण्याचे बंधन कंपन्यांवर आले. एरवीचे बोलणे चौथ्या पिढीवरून करणारी, पण या एका क्रमांकासाठी तिसरीकडे वळणारी यंत्रेही त्यात सापडली. परदेशांत घेतलेली अनेक यंत्रे त्यांत होती. अशा यंत्रावर नाव, रंग, आकार सारे तेथील यंत्रासारखेच असू शकते. फरक कळतो तो मांडणीच्या पानावरील पूर्ण प्रतिमान-क्रमांकावरून, आणि तो विमानात बसण्यापूर्वी पाहता येतो.