भिन्नवर्णीय विवाह आणि घरचा उंबरठा

गेल्या पावसाळ्यांत दहावीच्या वर्गांत नीतिपाठाच्या तासास आम्हीं एक लहानसा प्रयोग केला. कोऱ्या चिठ्ठ्या वांटल्या, नांव लिहावयाचें नाहीं असें बजावलें, आणि फळ्यावर दोन प्रश्न लिहिले. पहिला प्रश्न असा : भिन्न वंशाच्या किंवा भिन्न जातीच्या स्त्रीपुरुषांनीं परस्परांशीं विवाह करणें योग्य आहे काय? दुसरा असा : तुमच्या घरीं अशी सून किंवा असा जांवई आला, तर घरचीं माणसें त्याला आनंदानें आंत घेतील काय? पहिल्या प्रश्नापुढें बहुतेक चिठ्ठ्यांत ठळक अक्षरांनीं 'होय' लिहिलें होतें. दुसऱ्या प्रश्नापाशीं मात्र पुष्कळांची लेखणी अडली. एका चिठ्ठींत एवढेंच होतें : "बाबा हो म्हणतील, पण आजी त्या दिवशीं जेवणार नाहीं." ती चिठ्ठी आम्हीं जपून ठेविली आहे.

या दोन उत्तरांमध्यें जें अंतर आहे, तोच प्रस्तुत लेखाचा विषय होय. अमेरिकेंत गोऱ्या व काळ्या लोकांच्या विवाहांविषयीं हेंच अंतर कित्येक वर्षें मोजलें गेलें आहे. त्यामुळें आधीं तिकडील हकीकत पाहूं, आणि मग आपल्या घराकडे वळूं.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया संस्थानांत सेंट्रल पॉइंट नांवाचें एक खेडेगांव आहे. तेथें गोरे, कृष्णवर्णी व मूळचे अमेरिकन असे तिन्ही कुळांचे लोक पुष्कळ काळापासून शेजारीं शेजारीं नांदत आले. रिचर्ड लव्हिंग हा तेथील एक गोरा गवंडी. त्याचा बाप एका सधन कृष्णवर्णी गृहस्थाकडे वर्षानुवर्षें कामास होता, आणि रिचर्डचे जिवलग मित्रही कृष्णवर्णीच होते. मिल्ड्रेड जेटर हिच्या अंगीं कृष्णवर्णी व मूळ अमेरिकन अशा दोन्ही कुळांचें रक्त होतें. या दोघांचें प्रेम जमलें, आणि मिल्ड्रेडच्या घरच्यांनीं रिचर्डला आपल्या घरांत ठेवून घेतलें. ती त्या वेळीं अठरा वर्षांची होती.

घरानें होय म्हटलें. पण कायदा नाहीं म्हणत होता. व्हर्जिनियांत 1924 सालच्या कायद्यानें गोऱ्यांस इतर वर्णाच्या माणसाशीं विवाह करण्याची मनाई होती. म्हणून 1958 च्या जून महिन्यांत दोघांनीं वॉशिंग्टन शहरीं जाऊन लग्न केलें व तीं गांवीं परत आलीं. पुढें थोड्याच आठवड्यांनीं शेरीफ, म्हणजे परगण्याचा पोलीस अंमलदार, मध्यरात्रीं त्यांच्या निजावयाच्या खोलींत शिरला. भिंतीवर विवाहाचा दाखला टांगलेला होता. येथें तो चालत नाहीं, असें त्याचें उत्तर मिळालें. 1959 च्या जानेवारींत त्यांस एक वर्षाची कैद सांगण्यांत आली. मात्र पंचवीस वर्षेंपर्यंत दोघांनीं मिळून संस्थानांत पाऊल ठेवूं नये, या अटीवर ती तहकूब झाली. तेव्हां तीं वॉशिंग्टनला राहावयास गेलीं. पण खेड्यांत वाढलेल्या मिल्ड्रेडला शहरांत करमेना. 1963 सालीं तिनें देशाचे मुख्य सरकारी वकील रॉबर्ट केनेडी यांस पत्र लिहिलें, आणि त्यांतूनच खटला उभा राहिला. 12 जून 1967 रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनीं एकमतानें हा कायदा रद्द ठरविला. त्या दिवशीं असले कायदे सोळा संस्थानांत अंमलांत होते.

या खटल्यांतील एक गोष्ट आम्हां ख्रिस्ती म्हणविणारांस खालीं मान घालावयास लावणारी आहे. व्हर्जिनियांतील खालच्या न्यायाधीशानें आपला निकाल कायम ठेवतांना देवाचें नांव घेतलें. परमेश्वरानें निरनिराळे वर्ण निरनिराळ्या खंडांत ठेविले, त्या अर्थीं त्यांचें मिश्रण व्हावें असें त्याच्या मनांत नव्हतें, अशा आशयाचें त्याचें म्हणणें होतें. परंतु इंग्रज लोक 1607 सालीं जहाजांत बसून व्हर्जिनियास आले, आणि 1619 सालीं आफ्रिकन लोकांस तेथें धरून आणिलें, तें कोणाच्या आज्ञेनें, हा प्रश्न त्यानें स्वतःस विचारला नाहीं. याच व्हर्जिनियांत 1614 सालीं पोकाहोंटास या मूळ अमेरिकन स्त्रीचा विवाह जॉन रॉल्फ या इंग्रजाशीं झाला होता. कित्येक प्रतिष्ठित गोरीं घराणीं आपण तिचे वंशज म्हणून मिरवीत असत. आणि त्यांस बाध येऊं नये म्हणून 1924 च्या कायद्यांत मूळ अमेरिकन रक्ताच्या सोळाव्या हिश्शापुरती सवलत ठेविली होती! आपल्या पणजीविषयीं अभिमान, आणि शेजाऱ्याच्या सुनेला तुरुंग, असा हा न्याय होता.

आतां लोकमताकडे वळूं. गॅलप संस्थेनें 1958 सालीं केलेल्या पाहणींत गोऱ्या-काळ्यांच्या विवाहास संमति देणारे अमेरिकन शेंकडा 4 होते. 1991 सालीं ते 48 झाले, व विरोधकांहून प्रथमच अधिक भरले. 2013 सालीं 87, आणि 2021 सालीं 94. परंतु हे झाले पहिल्या प्रश्नाचें उत्तर. दुसरा प्रश्न, म्हणजे घरचा प्रश्न, दुसऱ्या एका राष्ट्रीय पाहणींत विचारला गेला होता : तुमच्या जवळच्या नातलगानें कृष्णवर्णी माणसाशीं लग्न केलें तर? 1990 सालीं कृष्णवर्णी नसलेल्यांपैकीं शेंकडा 63 जणांनीं आपला विरोध राहील असें सांगितलें. म्हणजे देशांतील जवळजवळ अर्धे लोक तत्त्व म्हणून असा विवाह मान्य करीत होते, त्याच सुमारास आपल्या घरीं तो नको म्हणणारे निम्म्यांहून अधिक होते. आमच्या वर्गांतील चिठ्ठ्यांची कहाणी हीच नव्हे काय?

2016 सालीं तो घरचा विरोध शेंकडा 14 वर उतरला. हें अंतर कशानें भरून आलें? केवळ कायद्यानें, असें म्हणवत नाहीं. आलाबामा संस्थानच्या घटनेंतील मृत झालेलें मनाईचें कलम 2000 सालीं मतदानानें काढून टाकण्यांत आलें, तेव्हांही शेंकडा सुमारें 40 मतें तें राहूं द्यावें अशी पडलीं. कायदा मेला तरी मनांतील कायदा जिवंत राहतो, तो असा. आमचें मत असें कीं, पिढी पालटली आणि पंक्तीला परका माणूस बसूं लागला, या दोहोंनीं हें काम केलें. 2013 च्या पाहणींत तीस वर्षांच्या आंतील तरुणांपैकीं शेंकडा 96, तर पासष्टीपुढील वृद्धांपैकीं शेंकडा 70 अनुकूल होते. आणि 1967 सालीं नवविवाहितांपैकीं शेंकडा 3 जणांचे जोडीदार भिन्न वंशाचे होते, ते 2015 सालीं शेंकडा 17 झाले. ज्या घरांत नातू खेळूं लागतो, त्या घरांत वाद फार काळ टिकत नाहीं.

येथें आईबापांची बाजू न्यायानें मांडली पाहिजे. त्यांचा सगळाच विरोध अहंकाराचा असतो असें नव्हे. 1967 च्या डिसेंबरांत 'गेस हूज कमिंग टु डिनर' हा चित्रपट अमेरिकेंत निघाला. त्यांत गोऱ्या मुलीचा बाप सुधारक मताचा असूनही गांगरतो. आणि कृष्णवर्णी मुलाचा बापही तितकाच कडक विरोध करितो. दोघांच्याही पोटीं भय आहे. माझ्या लेकराला लोक छळतील, नातवंडांस कोणी आपलें म्हणणार नाहीं, म्हातारपणीं सुनेशीं बोलतांना भाषा परकी वाटेल, हें भय खरें असतें. पण एक विचार करावा. लोक छळतील म्हणून आपण दार लावलें, तर छळणाऱ्या लोकांत आपलीच एक भर पडली कीं नाहीं?

आतां आपल्या देशाकडे पाहूं. आपल्याकडे वर्णाचें काम जात करिते. पंडिता रमाबाई या जन्मानें ब्राह्मण. त्यांनीं 1880 सालीं बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. त्या वेळच्या 1872 च्या कायद्याखालीं लग्न करणारांस आपण हिंदु, ख्रिस्ती इत्यादि कोणत्याही धर्माचे नाहीं, असें लिहून द्यावें लागे. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानें ही अट राहिली नाहीं. 2018 सालीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, दोन सज्ञान माणसांनीं राजीखुषीनें केलेल्या विवाहांत हात घालण्याचा अधिकार कोणत्याही जातपंचायतीस नाहीं. हें सांगण्याची वेळ आली, कारण अशा विवाहांपायीं पोटच्या मुलांचे प्राण घेण्यापर्यंत घरच्यांची मजल गेली होती. 2011-12 च्या देशव्यापी पाहणींत, आपला विवाह जातीबाहेर झाला असें सांगणाऱ्या स्त्रिया शेंकडा सुमारें 5 च होत्या. आणि आम्हां ख्रिस्ती लोकांनीं दुसऱ्याकडे बोट दाखवूं नये. बाप्तिस्म्याच्या वेळीं जी जात विसरली म्हणतात, ती स्थळें पाहतांना आठवते, हें कोणत्या मंडळीस ठाऊक नाहीं?

पवित्र शास्त्रांत गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत एक घरगुती भांडण आहे. मोशेनें कूशी स्त्रीशीं लग्न केलें, म्हणून त्याची बहीण मिर्याम व भाऊ अहरोन त्याच्या विरुद्ध बोलूं लागले. देवाचा कोप झाला आणि मिर्यामेच्या अंगावर कोड उठून ती बर्फासारखी पांढरी झाली. कूशी भावजयीवर बोट ठेवणारीस मिळालेली ही शिक्षा विचार करण्याजोगी आहे. परंतु आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. मोशेनें बायकोला टाकिलें नाहीं, आणि बहिणीलाही टाकिलें नाहीं. त्यानें बहिणीसाठीं देवाचा धांवा केला. ती सात दिवस छावणीबाहेर होती, आणि ती परत येईपर्यंत सर्व लोकांनीं मुक्काम हालविला नाहीं.

मुलांनो, तुमच्यासाठीं आमचें सांगणें यांतच आहे. तुमचें वय आज विवाहाचें नव्हे. विशेष विवाह कायद्यानें मुलीस 18 व मुलास 21 वर्षें पुरीं व्हावीं लागतात, आणि शहाणपणास त्याहूनही अधिक लागतात. पण मनाची तयारी याच वयांत होते. दुसऱ्या जातीच्या मित्राला केवळ शाळेच्या अंगणांत भेटूं नका. त्याला घरीं न्या, आजीच्या हातचें जेवूं घाला, आणि त्याच्या घरीं स्वतः जेवा. पुढें कधीं असा प्रसंग आलाच, तर चोरून पळणें हा पहिला मार्ग समजूं नका. आधीं बोला, आणि वडिलांस वेळ द्या. मात्र जेथें जिवाला धोका असेल, तेथें कायद्याचा व जाणत्या माणसांचा आश्रय घेण्यास विलंब करूं नका. आणि वडील मंडळींस आमची विनंति एवढीच कीं, मुलगा किंवा मुलगी बोलावयास आली, तर जात विचारण्यापूर्वीं माणूस कसा आहे, हें विचारावें.

त्या चिठ्ठीच्या लेखकास, तो किंवा ती जी कोणी असेल, आम्ही एवढेंच म्हणतों : आजी त्या दिवशीं जेवली नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां ताट वाढ. मिर्यामेसाठीं सारा तळ सात दिवस थांबला होता.

घरीं विचार करण्यासाठीं प्रश्न :
1. तुमच्या घरीं जेवावयास आलेल्या पाहुण्यांत गेल्या वर्षीं भिन्न जातीचे वा प्रांताचे किती होते?
2. 'लोक काय म्हणतील' या वाक्यांतील लोक कोण, त्यांचीं नांवें लिहितां येतील काय?
3. वरील दोन प्रश्न आजीआजोबांस विचारा, आणि त्यांचें उत्तर मध्यें न बोलतां ऐकून घ्या.