बालकांची खुंटलेली वाढ आणि आहारातील जस्त

सुरत शहराच्या लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतील माणसे यंत्रमागावर व कापडाच्या कारखान्यांत कामास येतात. त्यांची मुले काही काळ सुरतेस, तर काही काळ गावी वाढतात. त्यामुळे या मुलांच्या पोषणाचा प्रश्न जितका शहराचा, तितकाच खेड्याचाही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील दर शंभर बालकांपैकी गुजरातेत ३९ व महाराष्ट्रात ३५ बालके वयाच्या मानाने ठेंगणी आढळली.

“आईबापच ठेंगणे, मग मूल उंच कोठून होणार?” असे म्हणून हा प्रश्न पुष्कळदा सोडून दिला जातो. ही समजूत बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिल्लीसह सहा देशांतील बालकांची मोजमापे घेऊन २००६ साली वाढीची मानके प्रसिद्ध केली. योग्य आहार व आरोग्य लाभल्यास पहिल्या पाच वर्षांत सर्व देशांची मुले जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यांतून सिद्ध झाले.

जस्ताचे कार्य

वाढ खुंटण्याची कारणे अनेक आहेत: अपुरा आहार, वारंवारचे आजार, अस्वच्छ पाणी, मातेची दुर्बलता. त्यांतील एक दुर्लक्षित कारण म्हणजे जस्ताची, अर्थात झिंकची उणीव. पेशींचे विभाजन, प्रथिनांची घडण व रोगप्रतिकार यांसाठी हे खनिज अत्यल्प प्रमाणात, परंतु नित्य लागते. त्याचा मोठा साठा शरीरात करून ठेवता येत नाही. ते कमी पडले की भूक मंदावते, आजार वाढतात आणि उंची थांबते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या दर शंभर बालकांपैकी १९ बालकांत ही उणीव दिसून आली.

शेतकऱ्यास हे नवे नाही. १९६६ साली पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी भाताचा ‘खैरा’ रोग जस्ताच्या अभावाने होतो, असे दाखविले. रोप खुरटले की जमिनीस झिंक सल्फेट देतात, हे आज शेतकऱ्यास ठाऊक आहे. माणसाबाबतचा शोधही त्याच सुमाराचा आहे. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांना १९५८ साली इराणातील शिराझ येथे एकवीस वर्षांचा, पण लहान मुलासारखा दिसणारा तरुण आढळला. त्याचा आहार बहुतांशी गव्हाच्या रोटीचा होता. पुढे इजिप्तमध्ये अशाच तरुणांना जस्त दिल्यावर त्यांची उंची वाढू लागली.

पोट भरूनही उणीव

धान्यात जस्त असते. परंतु धान्यातील फायटेट हा घटक ते बांधून ठेवतो व आतड्यात शोषू देत नाही. यावर उपाय घरातच आहे. मटकी, मूग, चवळी भिजवून मोड आणल्यास, तसेच अंबील, इडली, ढोकळा यांसाठी पीठ आंबविल्यास फायटेट कमी होते. भाकरीबरोबर मोडाची उसळ, शेंगदाणे, तीळ आणि चालत असल्यास अंडी, मासे वा मांस द्यावे. महाराष्ट्रात २०१२ साली प्रसारित झालेल्या ‘धनशक्ती’ बाजरीत लोह व जस्त अधिक आहे.

हगवण आणि चौदा दिवस

हगवणीत शरीरातील जस्त वाहून जाते. जस्त कमी झाले की हगवण पुन्हा लागते. हे चक्र तोडण्यासाठी जलसंजीवनीबरोबर जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्यावयाच्या असतात. सहा महिन्यांवरील बालकास रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, तर दोन ते सहा महिन्यांच्या बालकास अर्धी गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून देतात. जुलाब दोन-तीन दिवसांत थांबतात आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. हीच मोठी चूक होय. उरलेले दिवस शरीरातील तूट भरून काढण्याचे असतात. मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून गोळ्या अधिक काळ देऊ नयेत. अति जस्तामुळे तांब्याचे शोषण घटते.

सर्वांचे कर्तव्य

अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीचीही नोंद व्हावी. शिक्षकांनी वर्षातून दोनदा मुलांची उंची मोजावी. आरोग्य केंद्रात जलसंजीवनी व जस्ताच्या गोळ्या दोन्ही एकत्र मिळतील, याची अधिकाऱ्यांनी खात्री करावी. सुरतेहून गावी किंवा गावाहून सुरतेस निघालेल्या मातेने बालकाचे आरोग्यपत्र व उरलेल्या गोळ्या सोबत घ्याव्यात. पहिल्या दोन वर्षांत गमावलेली उंची पुढे पुरतेपणी भरून निघणे कठीण असते. म्हणून चौदाव्या दिवसाची गोळी पहिल्या दिवसाच्या गोळीइतकीच मोलाची आहे.