ड्यूटीतच शिकायचं : एका बायोमेडिकलवाल्याचे अनुभवाचे बोल

हॉस्पिटलात डॉक्टरांसाठी सीएमई असते, सिस्टरांसाठी इन-सर्व्हिस ट्रेनिंग असतं आणि बायोमेडिकलवाल्यासाठी फोन असतो : ‘मॉनिटर बंद पडलाय, लगेच या.’ मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन मी या कामाला लागलो. आधी कल्याण-डोंबिवलीतली छोटी नर्सिंग होम्स केली, मग ठाण्यातलं मोठं हॉस्पिटल. ‘जा, आठवडाभर शिकून ये’ असं कुणी कधी म्हटलं नाही. जे आलं ते ड्यूटीच्या वेळेतच आलं. हाताखाली येणाऱ्या मुलांना जे सांगत असतो, तेच इथे क्रमाने लिहितो.

1. पहिली शाळा वॉर्डात भरते.

‘मशीन खराब आहे’ ही तक्रार नव्हे, तक्रारीची सुरुवात आहे. पुढचे प्रश्न आपण विचारायचे. कधीपासून? कुठला अलार्म वाजला? बेड बदलला होता का? मॉनिटरच्या बहुतेक कॉलमध्ये मॉनिटर ठणठणीत असतो. गेलेला असतो तो प्रोब, केबल किंवा कफ. ऑक्सिजनचं रीडिंग येत नसेल तर आधी रुग्णाचे हात गार आहेत का, नखांना नेलपॉलिश आहे का, ते पाहा. ईसीजीच्या रेषेवर बारीक थरथर दिसली की इलेक्ट्रोडची जेल सुकलीय का ते बघा आणि मग अर्थिंगकडे वळा. ती थरथर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेची असते.

सिस्टरांइतकीच माहिती मामा आणि मावशींकडे असते. ट्रॉली कोण ओढतं? सक्शनची बाटली कोण रिकामी करतं? बाटली गळ्यापर्यंत भरली आणि फ्लोट अडकलेला असला की घाण थेट पंपात जाते. हे मावशींना एकदा नीट दाखवलं तर वर्षभरातले कितीतरी कॉल वाचतात. पण ‘कुणी पाडलं?’ असा आवाज चढवलात, की त्या दिवसापासून तुम्हाला खरं कुणी सांगणार नाही.

2. कंपनीचा इंजिनिअर आला की त्याच्या बाजूला उभे राहा.

तो बिचारा अंधेरीहून किंवा नवी मुंबईहून शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून आलेला असतो आणि त्याला लवकर निघायचं असतं. चहा पाजा, पण मशीन उघडताना जागा सोडू नका. एरर कोड कोणता होता, सर्व्हिस मेनूत तो कुठून गेला, काय मोजलं, काय बदललं, हे सगळं वहीत उतरवा. काढलेला पार्ट मागून घ्या आणि टेबलावर ठेवून समजून घ्या. अशी वही दोन-तीन वर्षं चालली, की तिच्यासारखं पाठ्यपुस्तक बाजारात मिळत नाही.

त्याच इंजिनिअरशी एएमसी आणि सीएमसीवरही बोला. एएमसीत साधारणपणे भेटी आणि मजुरी येते, पार्टचे पैसे वेगळे. सीएमसीत पार्टही धरलेले असतात, पण करारात वगळलेल्या वस्तूंची यादी असते. बॅटरी, प्रोब, व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन सेल आणि फ्लो सेन्सर बहुधा तिथेच सापडतात. करारातलं ते पान आपण स्वतः वाचायचं.

3. मोजल्याशिवाय ‘ओके’ लिहू नका.

मशीन चालू होणं आणि मशीन बरोबर असणं यांत फरक आहे. डिफिब्रिलेटरवर 200 ज्यूल लावले तर 200 च्या आसपास बाहेर पडतात का, हे अॅनालायझरशिवाय कळत नाही. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या सीएफ प्रकारच्या उपकरणात नेहमीच्या स्थितीत रुग्णापर्यंत पोचणारी गळती 10 मायक्रोअँपिअरच्या आत हवी, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा आहे. साध्या टेस्टरला ती दिसणारही नाही.

ही साधनं महाग असतात. वीस खाटांच्या नर्सिंग होमला परवडत नाहीत. पण वर्षातून एकदा कॅलिब्रेशनवाले येतात, त्या दिवशी दुसरं काम घेऊ नका. प्रमाणपत्रावरचा शिक्का पाहून फाइल बंद करू नका, आकडे वाचा. मागच्या वर्षीपेक्षा कुठला आकडा सरकलाय? जे स्वस्तात मोजता येतं ते तर स्वतःच मोजायचं. इन्फ्युजन पंपावर ताशी 60 मिली लावा, खाली मेजरिंग सिलिंडर ठेवा आणि तासाने पाहा. इमारत जुनी असेल, खाली दुकानं आणि वर हॉस्पिटल असेल, तर प्रत्येक सॉकेटचं न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज घ्यायलाच हवं.

4. मे महिना पावसाळ्यासाठी राखून ठेवा.

आपल्याकडची दमट हवा कुठल्याही परदेशी मॅन्युअलमध्ये पुरेशी लिहिलेली नसते. ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपच्या भिंगांवर बुरशी धरते, कनेक्टर हिरवे पडतात. कोविडनंतर अनेक हॉस्पिटलांत ऑक्सिजनचे पीएसए प्लांट आले. त्यातलं झिओलाइट ओलावा शोषून निकामी होतं, म्हणून प्लांटची गरज नसली तरी तो ठरावीक दिवशी चालवायचा, ड्रायर आणि गाळण्या तपासायच्या आणि शुद्धता 93 टक्क्यांच्या आसपास येते का ते पाहायचं. यूपीएसच्या बॅटऱ्यांची लोड लावून चाचणीही मेमध्येच घ्या. जूनमधल्या पहिल्या वादळात वीज जाते तेव्हा चाचणीची वेळ टळून गेलेली असते.

5. दुसरीकडची दुर्घटना आपल्या चेकलिस्टमध्ये उतरवा.

9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागाला आग लागून 10 बाळं गेली. त्याच वर्षी 21 एप्रिलला नाशिकमध्ये ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, दाब पडला आणि 20 हून अधिक रुग्ण दगावले. 23 एप्रिलला विरारमध्ये आयसीयूला आग लागली. 28 एप्रिलला तर आपल्याच मुंब्र्यात एका रुग्णालयाला आग लागली आणि 4 रुग्णांचा जीव गेला. बातमी वाचून हळहळणं सगळेच करतात. आपण आपल्या आयसीयूत जाऊन पाहायचं : एका एक्स्टेंशन बोर्डवर किती यंत्रं आहेत? वॉर्मरचा प्लग तापतो का? ऑक्सिजनचा दाब पडला तर अलार्म कुठे वाजतो, आणि रात्री तो कोण ऐकतं? बॅकअप सिलिंडरवर नेणारा व्हॉल्व्ह रात्रपाळीतल्या सिस्टरांनी स्वतः फिरवून पाहिलाय का?

6. कायदा कुठे पाहायचा ते माहीत हवं.

सगळे नियम पाठ असायची गरज नाही, पण कुठल्या यंत्राला कुठला नियम लागतो ते कळायला हवं. एक्स-रे आणि सीटीसाठी अणुशक्तीनगरच्या एईआरबीचा परवाना लागतो, तो ई-लोरा या प्रणालीतून मिळतो, आणि दर 2 वर्षांनी क्यूए करावं लागतं. सोनोग्राफी मशीनला पीसीपीएनडीटी कायदा आहे. ते यंत्र साध्या दुरुस्तीसाठी जरी बाहेर काढायचं असलं, तरी आधी समुचित प्राधिकाऱ्याला कळवणं आपल्या डोक्यात असायला हवं. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स 2017 मध्ये उपकरणांचे जोखमीप्रमाणे ए ते डी असे वर्ग केले आहेत. आणि यंत्रामुळे रुग्णाला इजा झाली किंवा होता होता वाचली, तर 2015 पासून चालू असलेल्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमात ती कळवता येते. डॉक्टरच हवेत असं नाही, बायोमेडिकलचा माणूसही कळवू शकतो.

7. लिहिलं नाही ते केलंच नाही.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाने 2015 च्या सुमारास सरकारी आरोग्य केंद्रांतल्या उपकरणांची मोजदाद केली, तेव्हा राज्यागणिक 13 ते 34 टक्के यंत्रं बंद आढळली. त्यातून आलेल्या देखभाल कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांसाठी 95 टक्के, ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर 90 टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी 80 टक्के अपटाइम ठरवून दिला. हेच आकडे आपल्या विभागाला लावून पाहा. तारीख, बंद पडल्याची वेळ, कारण, पार्ट, खर्च आणि पुन्हा सुरू झाल्याची वेळ, एवढे रकाने पुरे. ‘हे मशीन कंडम करा’ असं तोंडी म्हटलं तर अकाउंट्स ऐकत नाही. दोन वर्षांचा दुरुस्तीखर्च समोर ठेवला की ऐकतं. पगारवाढीच्या बोलण्यातही हीच वही बोलते.

8. खरेदीच्या बैठकीत बसा.

दुरुस्तीचा निम्मा त्रास खरेदीच्या दिवशीच ठरलेला असतो. पीओवर सही होण्याआधी तीन ओळी घालून घ्या : सर्व्हिस मॅन्युअल मिळेल, आपल्या दोन माणसांना प्रशिक्षण मिळेल, सुट्या भागांचे दर पाच वर्षांसाठी लेखी मिळतील. बिल चुकतं झाल्यावर यातलं काहीही मिळवणं अवघड. सुरुवातीला बैठकीत कुणी बोलावत नाही. सातव्या मुद्द्यातली वही घेऊन गेलात की बोलावतात.

9. पदवी घ्या, पण तिची वाट पाहत थांबू नका.

आयटीआयमध्ये टेक्निशियन मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड आहे, ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाच्या पॉलिटेक्निकमध्ये मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची पदविका आहे. पुढे पदवीही करता येते. जमेल त्याने जरूर करावं. वरच्या पदासाठी कागद लागतोच.

10. शिकण्याचा तास ड्यूटी चार्टमध्ये मागून घ्या.

‘वेळ मिळाला की शिकू’ म्हटलं की वेळ मिळत नाही, कारण फोन थांबत नाही. आठवड्यातला एक तास चार्टवर ‘प्रशिक्षण’ म्हणून लिहून घ्या. एका आठवड्यात एक यंत्र घ्यायचं, ज्याला येतं त्याने उघडून दाखवायचं, नवीन मुलाने परत जोडायचं. महिन्यातून एकदा हाच तास वॉर्डात सिस्टर आणि मावशींबरोबर घ्यायचा. व्यवस्थापनाने ‘त्याने काय फायदा?’ विचारलं तर भाषण देऊ नका. मागच्या वर्षी बाहेरच्या इंजिनिअरच्या भेटींची किती बिलं भरली आणि त्यातले किती दोष केबल, फ्यूज किंवा सेटिंगचे निघाले, एवढे दोन आकडे काढा. तास मिळतो. आणि मिळाला की तो पहिल्याच आठवड्यात वापरा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात त्या जागी कुणीतरी मीटिंग लावतं.