घोड्याच्या जठरांतील व्रण

पालघर-बोईसरच्या माळांवरील गवत पावसाळा सरतांच कापून वाळवीत आणि त्याच्या गाठी मुंबईच्या तबेल्यांकडे जात, हें वाचकांच्या घरांतील वडील माणसें सांगतील. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ सालीं उच्च न्यायालयानें बेकायदेशीर ठरविल्या; माथेरानास मात्र तट्टें अजून माणसें वाहतात.

तें गवतच घोड्याच्या जठराचें रक्षण करितें, असें आम्ही म्हणतों. घोड्याच्या जठरांत अम्ल रात्रंदिवस स्रवतें, पोट रिकामें असलें तरीही. गवत चघळतांना सुटणारी लाळ तें सौम्य करिते. तोबराभर चंदी देऊन पुढें दहा-बारा तास उपाशी बांधलें, कीं जठराच्या वरच्या नाजूक भागास व्रण पडतात. मग जनावर चंदी टाकतें, दांत खातें, रोडावतें, तंग आवळतांना चावावयास धांवतें. आणि आपण त्यास खोडकर समजून चाबूक उगारतों!

खात्रीचें निदान जठरांत लांब दुर्बीण घालूनच होतें. औषध ओमेप्राझोल, पशुवैद्याच्या सल्ल्यानें सुमारें महिनाभर द्यावें लागतें. वेदनाशामक गोळ्या मनानें देऊं नयेत; त्यांनींही व्रण होतात.

खुज्या जातीच्या घोड्यास तर लंघन कधींच घडवूं नये. उपासानें त्याच्या अंगांतील चरबी रक्तांत उतरते, यकृत बिघडतें व जीवावर बेततें. त्यानें दिवसभर गवतास तोंड लाविलें नाहीं, तर पशुवैद्यास त्याच सायंकाळीं बोलवावें.