'रस' एक, अर्थ चार : अध्यापनात संकल्पनाचित्राचा उपयोग

प्रास्ताविक : बारावी विज्ञान शाखेतून आयुर्वेदाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास एकच संस्कृत शब्द निरनिराळ्या विषयांत निरनिराळ्या अर्थांनी भेटतो. 'रस' हे त्याचे ठळक उदाहरण होय. आमच्या एका चाचणीत रसक्षयाच्या लक्षणांत अनेकांनी "जिभेची चव जाणे" एवढेच लिहिले. शब्दासहिष्णुता, हृद्द्रव, अल्प श्रमानेही येणारी ग्लानी यांचा उल्लेखही नव्हता. हेच विद्यार्थी पुढे रुग्ण तपासणार असल्याने हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. दोष आमच्या शिकविण्यातही होता.

पद्धती : अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७०च्या दशकात संकल्पनाचित्राची पद्धत विकसित केली. तिचा अवलंब आम्ही पुढीलप्रमाणे केला. फळ्याच्या मध्यभागी 'रस' लिहून चार शाखा काढाव्यात.

१. रसनेंद्रियाचा विषय – मधुरादी सहा रस.
२. आहाररसातून निर्माण होणारा आद्य धातू.
३. पंचविध कषायकल्पनांतील स्वरस.
४. पारद, ज्यावरून 'रसशास्त्र' हे नाव आले.

प्रत्येक रेषेवर संबंध सांगणारे शब्द लिहावेत आणि शाखेच्या टोकाशी एकेक उदाहरण द्यावे. जसे आर्द्रकस्वरस, रससिंदूर.

अनुभव : प्रथम आम्ही तयार चित्र फळ्यावर काढून दिले. विद्यार्थ्यांनी ते उतरवून पाठ केले; आकलनात फरक पडला नाही. पुढील खेपेस केवळ मधला शब्द दिला व चौघाचौघांच्या गटांकडून चित्र पूर्ण करून घेतले. एका विद्यार्थिनीने रसधातूपासून रसनेंद्रियाकडे आडवी रेषा ओढली. जुनीच चूक समजून आम्ही ती पुसावयास सांगणार, तोच तिने चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २८वा अध्याय पुढे केला. तेथे रसप्रदोषज विकारांत अरुची व अरसज्ञता यांची गणना आहे. म्हणजे चव जाण्यास स्थान आहे, परंतु ते रसप्रदोषात. रसक्षयाची म्हणून सांगितलेली लक्षणे वेगळी. ही रेषा आमच्या तयार चित्रात नव्हती.

अन्य उपयोग : विषयानुसार आकृती बदलावी. संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती व भेद या षट्क्रियाकालास ओघतक्ता योग्य ठरतो. हरीतकी व आमलकी यांची तुलना परस्परांस छेदणाऱ्या दोन वर्तुळांनी करावी. सामाईक भागात लवणवर्जित पाच रस व मधुर विपाक येतात. बाहेर एकीकडे उष्ण वीर्य, दुसरीकडे शीत वीर्य उरते. भेद नेमका कोठे आहे, हे दृष्टिक्षेपात कळते.

निष्कर्ष : चित्र हे सूत्राचा पर्याय नव्हे, पाठांतर हवेच. मात्र विद्यार्थ्याने स्वतः काढलेल्या चित्रात त्याचे आकलन दिसते आणि त्याची चूक चाचणीपूर्वीच सापडते. म्हणून अध्यापक वैद्यांनी खडू विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि त्याची रेषा पुसण्यापूर्वी तिचे कारण विचारावे, अशी आमची नम्र सूचना आहे.