वाचकांचे प्रश्न : गॅलरीतला सोलार आणि बॅटरीचा हिशेब

प्रश्न : आम्ही स्टुटगार्टला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. गॅलरी दक्षिणेला आहे. प्लगने जोडायचे सोलार पॅनेल आणि सोबत २ युनिटची बॅटरी घ्यायचा विचार आहे. घरमालक अडवेल का? घरात लहान मूल आहे, त्याने प्लग ओढला तर शॉक बसेल का? दिवसभर आम्ही दोघंही ऑफिसात असतो. मग बॅटरीचे पैसे वसूल होतील का?
– एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर : ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत भाडेकरूला अशा संचासाठी परवानगी मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. सबळ कारण असल्याशिवाय घरमालकाला नकार देता येत नाही. पॅनेल कसे बसवायचे याबद्दल मात्र तो अटी घालू शकतो. अर्ज लेखी करा आणि त्यात बॅटरीचा उल्लेख वेगळा करा. इन्व्हर्टर ८०० आणि पॅनेल २००० वॉटच्या आत हवे. संच सुरू झाल्यावर महिनाभरात सरकारी नोंदवहीत ऑनलाइन नोंद करायची.

प्लगची भीती नको. ग्रिडचा संपर्क तुटला की प्रमाणित इन्व्हर्टर क्षणार्धात बंद होतो, म्हणूनच वीज गेली तर घरही अंधारातच राहते. खरा धोका भिंतीतल्या वायरला आहे. १६ अँपिअरचा एमसीबी मीटरकडून येणारा करंटच मोजतो. पॅनेलचे साडेतीन अँपिअर त्याच्या पुढे वायरमध्ये शिरतात, ते त्याला दिसत नाहीत. वायरवर साडेएकोणीसचा भार आला तरी तो पडणार नाही. म्हणून एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका, त्या लाइनवर हीटर किंवा वॉशिंग मशीन लावू नका, इमारत जुनी असेल तर इलेक्ट्रिशियनला दाखवा. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या. ती जिन्यात ठेवू नका.

आता पैशांचे. समजा, संच वर्षाला ६०० युनिट वीज देतो आणि दर ३५ सेंट आहे. तुम्ही बाहेर असताना फ्रिज आणि राउटर मिळून त्यातली २५० युनिट वापरतात, म्हणजे सुमारे ८७ युरो वाचले. उरलेली वीज ग्रिडला जाते, तिचे सहसा काही मिळत नाही. बॅटरीने आणखी २०० युनिट वाचवली तर ७० युरो. बॅटरी ५०० युरोंची असेल तर तिचे पैसे फिटायला सात वर्षे लागतील. हिवाळ्यात तर ती बरेचदा अर्धीही भरत नाही.

तेव्हा पॅनेल आत्ताच घ्या, पण बॅटरी नंतर जोडता येईल असा संच निवडा. डिजिटल दुहेरी मीटरवर २.८.० या ओळीत तुम्ही ग्रिडला दिलेली वीज दिसते. एप्रिल ते सप्टेंबर दर महिन्याच्या एक तारखेला तो आकडा टिपून ठेवा. महिन्याला ३० युनिटहून कमीच जात असतील, तर बॅटरीचे पैसे बँकेत राहू द्या.